कोकणात प्लॉट बघायला जाताय? आधी वाळूची टेकडी बघा, मग सातबारा

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच लोकांचं सध्या हेच चाललंय की कोकणात समुद्राजवळ चार-पाच गुंठे घेऊन ठेवायचे, पुढे रिटायर झाल्यावर छोटा होमस्टे टाकू, पोरं सुट्टीत येतील. माझे साडू धुळ्याला असतात, त्यांनीही मागच्या वर्षी हेच काढलं. एका एजंटने त्यांना व्हिडिओ पाठवला होता, सपाट मोकळी जागा आणि समोर थेट लाटा, खाली लिहिलेलं "सी-टच, समोर काहीच नाही". साडूभाऊ खूश. मी तो व्हिडिओ तीन-चार वेळा पाहिला आणि माझ्या मनात एकच आलं की अरे, समोर काहीच कसं नाही? तिथे वाळूची टेकडी असायला पाहिजे होती, ती गेली कुठे? मग आम्ही सगळे मिळून बघायलाच गेलो, आणि त्या फेरीत आणि नंतरच्या दोन फेऱ्यांत जे कळलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडचा माणूस जमीन बघताना रस्ता बघतो, लाईट बघतो, सातबारा बघतो, पण किनाऱ्यावर या सगळ्याच्या आधी वाळू बघायची असते हे आपल्याला कोणी सांगत नाही.

खरं तर आपल्याला हे कळायला सोपं जायला हवं. आमचं भडगाव गिरणेच्या काठावर. नदीत वाळूचा थर होता तोवर काठावरच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी टिकायचं, कारण वाळू पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, आणि जिथे जिथे वाळू उपसली, खाली नुसती चिकण आणि खडक उघडा पडला, तिथे पावसाचं पाणी आलं तसं वाहून गेलं आणि विहिरी लवकर तळाला जायला लागल्या. रात्रीचे डंपर, रस्त्याची वाट, काठ ढासळणं, सगळं पाहिलंय आपण. समुद्राकाठची टेकडी म्हणजे हीच गोष्ट, फक्त तिकडे वाळू गेली तर विहीर नुसती आटत नाही, ती खारी होते. आणि एकदा खारी झाली की मग त्या गावाचं पुढे काय होणार हे त्यावरच ठरतं.

टेकडी बनते कशी ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं बघायला सोपं जाईल. लाटा वाळू आणून किनाऱ्यावर टाकतात, कोकणात या सपाट वाळूच्या पट्ट्याला पुळण म्हणतात. ओहोटीला पुळण सुकते, दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि तो सुकी वाळू उचलतो, म्हणजे अगदी हवेत उंच नाही, कण जमिनीलगत उड्या मारत मारत पुढे सरकतात. पावसाळ्यात वारा जोरात असतो पण वाळू ओली, त्यामुळे हे काम जास्त करून थंडी-उन्हाळ्यात चालतं. कुठेतरी काही आडवं आलं, ओंडका असो, झुडूप असो, की वारा मंदावतो आणि वाळू तिथेच पडते. मग त्यावर मर्यादवेल चढते. ही वेल नीट बघून ठेवा, पान मधोमध चिरलेलं, आपट्याच्या पानासारखं, आणि जांभळट-गुलाबी फूल. वाळूने ती जितकी गाडली जाते तितकी ती वरून पुन्हा फुटते आणि टेकडी तिच्यासोबत उंच होत जाते. तिच्या मागे केवडा, मग झुडपं, मग झाडं. कोकणातल्या टेकड्या राजस्थानसारख्या भव्य नसतात, बहुतेक ठिकाणी माणसाच्या उंचीच्या किंवा त्याच्या दुप्पट-तिप्पट, त्यामुळे जेसीबीवाल्याला अर्ध्या दिवसात सपाट करता येतात आणि बाहेरच्या माणसाला तिथे काही होतं हे कळतही नाही.

आणि ती नुसती बसून नसते. पावसाळ्यात मोठ्या लाटा येतात तेव्हा समुद्र टेकडीच्या पायथ्याची वाळू ओढून नेतो, ती पाण्याखाली थोडं पुढे साठते, तिथेच मोठ्या लाटा फुटतात आणि किनाऱ्यावरचा मार कमी होतो, मग दिवाळीनंतर तीच वाळू हळूहळू परत येते. आपल्या घरातली कणगी कशी, दुष्काळात काढायची आणि सुगीत भरायची, तसं. ज्याने कणगीच विकून टाकली त्याच्याकडे वाईट वर्षी काढायला काही उरत नाही.

तर आता बघायचं कसं. पहिलं काम म्हणजे प्लॉटवर गाडीने जाऊ नका. एजंट रस्त्याच्या बाजूने नेतो, तुम्ही समुद्राच्या बाजूने या. पाण्याच्या कडेला उभं राहायचं आणि गावाकडे तोंड करून सरळ चालत यायचं, वाटेत काय काय लागतं ते मोबाईलवर फोटो काढत. चांगल्या जागी क्रम साधारण असा लागतो: ओली पुळण, मग भरतीने आणून टाकलेल्या शिंपल्या-काटक्या-प्लास्टिकची ओळ, मग सुकी वाळू, मग मर्यादवेल, मग चढ, टेकडीचा माथा, मागच्या उतारावर केवडा नाहीतर सुरूची झाडं, मग नारळ-सुपारीचं आगर, आगरात विहीर, आणि मग घर. यातलं जे गायब असेल ते का गायब आहे हे विचारल्याशिवाय पुढे बोलूच नका. आमच्या त्या "सी-टच" प्लॉटवर शिंपल्यांच्या ओळीनंतर सरळ तारेचं कुंपण होतं. मधलं सगळं काढलेलं. शेजारच्या जागेत टेकडी तशीच होती, आणि दोघांच्या मधल्या हद्दीवर तिची कापलेली बाजू सरळ भिंतीसारखी दिसत होती, त्यातून मुळं लोंबत होती.

दुसरं, टेकडीचं समुद्राकडचं तोंड वाचायचं. उतार हलका असेल आणि वेलीचे नवे कोवळे शेंडे समुद्राच्या दिशेने धावत असतील तर वाळू येतेय, टेकडी वाढतेय. उलट समुद्राच्या बाजूने उभा कडा पडलेला असेल, सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडली असतील, एखादं खोड पुळणीवर आडवं पडलेलं असेल, तर समुद्र खातोय. पण इथे घाई नको, पावसाळ्याच्या शेवटी कडा बहुतेक सगळीकडेच दिसतो आणि उन्हाळ्यापर्यंत भरूनही येतो. म्हणून मी म्हणतो की दोनदा जा, एकदा सप्टेंबरात आणि एकदा एप्रिल-मे मध्ये, आणि त्याच जागी उभं राहून फोटो काढा. मे मध्येही कडा तसाच असेल तर ती वाळू परत आलेली नाही हे समजा. गूगल अर्थवर जुनी चित्रं बघायची सोय आहे, कॉम्प्युटरवर उघडून मागच्या दहा-पंधरा वर्षांत झाडीची कड कुठून कुठे सरकली ते घरबसल्या दिसतं, फुकट आहे, नक्की करा.

भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत तिकडच्या लोकांनी शिकवली, ती आपल्याला फार उपयोगी. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. ढोबळ आहे पण चालतं. पौर्णिमा-अमावस्येच्या जवळ पाणी जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमाराला कमी चढतं त्याला भांग म्हणतात. एजंट जर तुम्हाला भांगाच्या दिवशी, तेही ओहोटीला बोलवत असेल तर तुम्हाला समुद्र लांब दिसणारच. तुम्ही आपली तारीख कालनिर्णय बघून ठरवा, अमावस्येच्या दुपारी बाराला जाऊन उभं राहा.

आता पाणी. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते गाव कुठे वसलं, किती वाढलं आणि कुठे अडकलं याचं अर्ध्याहून जास्त उत्तर इथे आहे.

आम्ही गुहागरला पहाटे पोचलो, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये रात्रभर बसून सगळे आंबलेले, आणि ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या आगरात विहीर होती, समुद्र तिथून चालत दोन-तीन मिनिटांवर, लाटांचा आवाज येतोय. आमचे सासरे, आबा, त्यांनी उतरल्याउतरल्या चहा नको म्हटलं, विहिरीवर गेले, पोहरा टाकला, ओंजळीत पाणी घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आठे पाणी गोड कसं काय शे?" ज्या माणसाचं आयुष्य यावलला केळीला बोअर मारण्यात गेलं, दर चार वर्षांनी आणखी खोल, आणखी खोल, त्याला समुद्राच्या कुशीत दहा-पंधरा हातांवर गोड पाणी बघून विश्वासच बसेना.

त्याचं कारण असं. वाळूत पाऊस पटकन मुरतो. मुरलेलं गोड पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, भिंगाच्या आकारात, मधे जाड आणि कडेला पातळ. ढोबळ हिशोब असा सांगतात की समुद्राच्या पातळीच्या वर गोड पाणी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोड असतं. ऐकायला किती छान वाटतं, पण आता तोच हिशोब उलटा करून बघा, वरची पातळी उपशाने नुसती अर्धा मीटर खाली आणली तरी खालचं खारं पाणी २० मीटर वर येऊ शकतं. प्रत्यक्षात वाळूखाली जांभा नाहीतर काळा दगड कुठे लागतो यावर आकडे बदलतात, पण दिशा हीच. म्हणून जुन्या लोकांनी उथळ विहिरी खोदल्या आणि रहाटाने थोडं थोडं पाणी काढलं. तिथे आपली सवय घेऊन गेलात, म्हणजे पाणी कमी पडलं की बोअर आणखी खोल घाला, तर तुम्ही खाऱ्याच्या दिशेने खोदताय. आपल्याकडे खोल म्हणजे पाणी, तिकडे खोल म्हणजे मीठ. हे वाक्य मी साडूंना तीनदा सांगितलं.

ही गोष्ट फक्त कोकणातली नाही. नेदरलँडमध्ये ॲमस्टरडॅम शहराला १८५३ पासून समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून पिण्याचं पाणी जातंय, आणि त्यासाठीच त्या टेकड्या त्यांनी बांधकामापासून राखून ठेवल्यात. तिथेही उपसा वाढल्यावर खारं पाणी वर यायला लागलं, मग नदीचं पाणी आणून टेकड्यांत मुरवायला सुरुवात केली. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरला पाणी मुरवायच्या ज्या योजनांची आपण इतकी वर्षं चर्चा ऐकतोय, कल्पना तीच.

पाणी तपासायचं कसं? टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, ते घ्या, आरओवाल्याकडे किंवा ऑनलाईन स्वस्तात मिळतो. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडच्या मानकानुसार ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० ची शेवटची मर्यादा. फक्त त्या प्लॉटची नाही, आजूबाजूच्या पाच-सहा विहिरी मोजा, समुद्राकडून गावाकडे क्रमाने, आणि महत्त्वाचं म्हणजे मे मध्ये मोजा. जानेवारीत सगळं गोडच लागतं. आम्ही जानेवारीत ज्या लॉजचं पाणी प्यायलो तेच मे मध्ये मचूळ लागत होतं आणि तिथे टँकर उभा होता, आणि त्याच लॉजने पुढची टेकडी सपाट करून लॉन केलेलं. मीटर नसेल तर सुपारी बघा. नारळ थोडं खारं सोसून घेतो, सुपारीला ते जमत नाही. ज्या आगरात नारळ हिरवेगार आहेत पण सुपाऱ्या करपल्यात किंवा काढून टाकल्यात, तिथे विहिरीबद्दल दोनदा विचारा.

आता गावाकडे बघा. गुहागर लांबून बघितलं तर एक पट्टी आहे, एका बाजूला समुद्र, दुसरीकडे डोंगर, आणि मधे किनाऱ्याला समांतर लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूला घरं, खालचा पाट वरचा पाट अशी नावं. घरं रस्त्याला लागून, घराच्या मागे आगर, आगराच्या पलीकडे टेकडी-सुरू-पुळण. म्हणजे पिढ्यानपिढ्या लोकांनी समुद्राला पाठ करून घरं बांधली. आपल्याला आधी वाटतं की यांना समुद्राचं कौतुक नाही, पण टेकडीने वारा आणि खारी फवार अडवायची, तिच्या आडोशाला बाग धरायची, बागेतली विहीर प्यायची आणि बागेच्या जीवावर घर चालवायचं, अशी ती सगळी मांडणी आहे. गाव रुंदीला वाढलं नाही, लांबीला वाढलं, कारण रुंदी टेकडीने आणि डोंगराने ठरवून दिलेली. कोणत्याही किनाऱ्याच्या गावात गेलात तर जुनं देऊळ आणि जुनी घरं कुठल्या रेषेत आहेत ती रेषा डोक्यात पक्की करा, तुमचा प्लॉट त्या रेषेच्या समुद्राकडे असेल तर तिथे आधी कोणी का बांधलं नाही हा प्रश्न विचारायचाच.

टेकडीतून समुद्राकडे जायच्या वाटा कुठे आहेत तेही बघा. एक वाट रुंद होते, गाड्या जायला लागतात, वेल मरते, मग वारा तिथूनच वाळू उडवायला लागतो आणि खिंड पडते. उधाणाचं पाणी आत शिरायचं तर आधी तिथून शिरतं. बऱ्याच ठिकाणी पार्किंग, टपऱ्या, वॉटर स्पोर्ट्सचं काउंटर नेमकं या खिंडीच्या तोंडाशीच असतं, म्हणजे गावाचा धंदा जिथे गोळा झालाय तीच गावाची सगळ्यात कच्ची जागा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं तेव्हा नारळ-सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, त्या बागा पुन्हा उत्पन्नाला यायला किती वर्षं लागतात हे केळी लावणाऱ्याला समजावून सांगायला नको, आपली केळी वर्षा-सव्वा वर्षात हाताशी येते, तिकडे नारळ लावून पाच-सात वर्षं थांबायचं.

वेळ असेल तर दापोली तालुक्यात केळशीला जाऊन या. तिथे भारजा नदीच्या मुखाशी वाळूची खूप उंच टेकडी आहे, कोकणात एवढी मोठी सहसा दिसत नाही. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व अभ्यासक अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला, आत जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या, आणि सोळाव्या शतकातल्या त्सुनामीने ही वाळू आणून टाकली असं त्यांनी मांडलं. यावर मतभेद आहेत, सगळे अभ्यासक ते मानत नाहीत. पण तिच्यासमोर उभं राहिलं की एक कळतं, ही टेकडी म्हणजे गावाचं जुनं दप्तर आहे, रस्त्यासाठी-पुलासाठी ती कापली की दप्तरातली पानंच गेली.

तिथेच आमच्या धाकट्याने एक प्रयोग केला. भरीत-भाकरीसोबत नेलेलं लिंबू त्याने मूठभर वाळूवर पिळलं आणि कान लावला, बारीक फसफस ऐकू आली. कारण कोकणच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर असतो आणि शिंपला म्हणजे चुना. घरी येऊन गिरणेच्या वाळूवर पिळलं तर काळे कण ढिम्म, मधे एखादा चुनखडीचा खडा होता तेवढाच फसफसला. ही गोष्ट फक्त पोरांच्या खेळाची नाही. वाळू कुठून येते हे कळलं की ती कधी बंद होऊ शकते ते कळतं, खाडीतून येत असेल तर खाडीतला वाळूउपसा, नदीवरचं धरण, मुखाशी बांधलेला बंधारा किंवा जेट्टी, यातलं काहीही ती अडवू शकतं. प्लॉटच्या दोन्ही बाजूंना पाच-सात किलोमीटरमध्ये असं काही बांधलंय का किंवा बांधायचं चाललंय का ते विचारा. दगडी भिंत बांधली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना जाऊन बघा, लाट भिंतीवर आपटून समोरची वाळू नेते आणि टोकाच्या पलीकडे शेजाऱ्याची जमीन जास्त खाते. "भिंत आहे, काळजी नाही" असं कोणी म्हणालं तर भिंत का बांधावी लागली ते आधी विचारा.

कायद्याचं थोडक्यात. किनाऱ्यालगत काय बांधता येतं आणि काय नाही हे सीआरझेड नियम ठरवतात, त्यातला पहिला १९ फेब्रुवारी १९९१ चा, आता जो लागू आहे तो १८ जानेवारी २०१९ चा. त्यात वाळूच्या टेकड्या सगळ्यात कडक वर्गात आहेत, सीआरझेड १-अ, म्हणजे टेकडी सपाट करून घर हा विषयच नाही. गावाकडच्या भागात भरती रेषेपासून बांधकामबंदीचा पट्टा आहे, २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्ती दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर ५० मीटर, नाहीतर २०० मीटर. ही भरती रेषा म्हणजे आपण बघितलेली शिंपल्यांची ओळ नव्हे, ती सरकारी नकाशावर आखलेली असते. आणि सातबाऱ्यावर हे काही दिसत नाही, म्हणून सातबारा क्लिअर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, गट नंबर घेऊन किनारा व्यवस्थापन नकाशावर जागा नेमकी कुठे पडते ते लेखी घ्या, तोंडी नको. टोकन द्यायच्या आधी.

ज्यांनी आधीच घेतलंय, किंवा जागा जुन्या घरांच्या रेषेच्या आत गावाकडे मिळाली आणि होमस्टे काढायचाय, त्यांच्यासाठी. टेकडी शेजाऱ्याची असो की सरकारी, तिच्यावरून पाहुण्यांना मोकाट चालू देऊ नका. लाकडी फळ्यांची एकच वाट करा आणि ती सरळ नको, तिरकी वळणाची, म्हणजे वारा आणि पाणी थेट आत येत नाही. खड्डा पडला असेल तर नारळाच्या झावळ्या वाऱ्याला आडव्या रोवा, एका उन्हाळ्यात गुडघाभर वाळू धरतात, मग पहिल्या पावसात मर्यादवेलीचे तुकडे लावा. पुढच्या तोंडावर दाट सुरू लावायचा मोह टाळा, खाली सुयांचा थर साचतो आणि वेल मरते, शिवाय कासवांना अंडी घालायला जागा राहत नाही. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं कोकणात अंडी घालायला येतात, वेळासला तर त्यासाठी लोक मुद्दाम जातात आणि गावातल्या घरांतच राहतात, म्हणजे त्या छोट्या गावाला पुळण न मोडता उत्पन्न मिळतंय. त्या दिवसांत समुद्राकडचे दिवे बंद ठेवा, पिल्लं उजेडाकडे भरकटतात. पंप छोटा, शोषखड्डा विहिरीपासून जितका लांब जमेल तितका, कारण ज्या वाळूत पाणी मुरतं त्याच वाळूत घाणही तितक्याच सहज मुरते.

साडूंनी तो प्लॉट सोडला. आता रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला एक जुनं घर बघून ठेवलंय, समोर दुसऱ्याचं आगर, समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. विहीर जानेवारीत मोजून झालीये. मे महिन्यातल्या अमावस्येची गाडी बुक केलीय, आबा येणार आहेत, टीडीएस मीटर मी घेतलाय.